प्लेअर घ्यायला जाता, तर आपलं मेमरी कार्ड खिशात टाकून जा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी मला विचारतंच की भाऊ, गाणी ऐकायचा छोटा प्लेअर घ्यायचा आहे, कोणता घेऊ? आणि मी दरवेळी उलट विचारतो की तुमची गाणी कुठं आहेत? समोरचा गप्प. काही जुन्या लॅपटॉपमध्ये, काही पेनड्राइव्हवर, काही मेव्हण्याच्या हार्डडिस्कमध्ये, आणि बाकीची सगळी त्या ॲपमध्ये जे महिन्याला पैसे कापतं. तर राजेहो, प्लेअर कोणता घ्यायचा हे अर्ध्याहून जास्त इथंच ठरून जातं, चिपचं नाव आणि डब्यावरचे सोनेरी स्टिकर नंतर. एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

"फोन आहे ना, मग हे लचांड कायले?" असं म्हणणारे भेटतात आणि बऱ्याच लोकांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचा आयपॉड आला तेव्हा त्यात ५ जीबी जागा होती आणि खिशात हजार गाणी घेऊन फिरायचं म्हणजे अप्रूप होतं, मग फोननंच ते काम खाऊन टाकलं आणि २०२२ च्या मे महिन्यात ॲपलनं शेवटचा आयपॉडही बंद केला. पण माझे बाबा सकाळी साडेपाचला नागपूरच्या अंबाझरीला फिरायला जातात, कानात वसंतराव देशपांडे, आणि तान अशी वर चढून राहिली असते तेवढ्यात टिंग! सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचं तरी गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात. वर्षभर त्यांनी सहन केलं, मग एक दिवस म्हणाले, "मला फक्त गाणं वाजेल असं काहीतरी आणून दे, त्यात दुसरं काहीच नको." तिथून माझी शोधाशोध सुरू झाली. माझं स्वतःचं कारण वेगळं, मी पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातो, रस्त्यात नेटवर्क येतं-जातं, आणि सकाळी पोचल्यावर फोनची बॅटरी जिवंत पाहिजे असते.

तर पहिलं काम गाणी मोजायचं. कागद घ्या आणि मागच्या महिन्यात खरोखर काय ऐकलं ते लिहा. जर सगळं स्ट्रीमिंग ॲपवरचं निघालं, तर एक गोष्ट समजून घ्या की ॲपमध्ये "डाउनलोड" केलेलं गाणं म्हणजे तुमची फाइल नाही. ते कुलूप लावून ठेवलेलं असतं, त्याच ॲपमध्ये वाजतं, कार्डावर कॉपी करून दुसऱ्या प्लेअरमध्ये टाकलं तर वाजत नाही. माझ्या ओळखीत दोन जणांनी प्लेअर आधी घेतला आणि हे नंतर कळलं. अशा लोकांनी एक तर अँड्रॉइडवाला प्लेअर घ्यायचा, ज्यात प्ले स्टोअर असतं आणि ॲप टाकता येतं, नाहीतर सरळ फोनच वापरायचा.

आणि जर तुमच्याकडे फायली आहेत, किंवा कपाटात सीड्या पडून आहेत, तर मग मजा आहे. सीडीतून गाणी काढायला आता लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीला लागणारा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. कॅसेट असतील तर त्याही उतरवता येतात, डेकची वायर लॅपटॉपला लावून ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचं, फक्त ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, तिथं काही शॉर्टकट नाही. मी एका दिवाळीच्या सुट्टीत अकरा कॅसेट केल्या आणि बाराव्या कॅसेटला हात जोडले.

आता जागेचा हिशोब. ३२० केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला साधारण २.४ एमबी खाते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अडीच हजाराच्या वर गाणी. सीडीचा कच्चा आवाज मिनिटाला १० एमबीच्या आसपास जातो, आणि फ्लॅकमध्ये तोच आवाज काहीही न गमावता जवळपास निम्म्या जागेत बसतो. तुमच्याकडे स्वतःच्या सीड्या असतील तर फ्लॅकच करा, एकदाचं काम होऊन जातं, पुढं कधी लहान फाइल पाहिजे असली तर त्यातून एमपी३ बनवता येते. उलटं मात्र होत नाही. यूट्यूबवरून उतरवलेल्या गाण्याचं फ्लॅक करणारे लोक मी पाहिले आहेत, ते म्हणजे पातळ झालेल्या वरणाला मोठ्या पातेल्यात ओतल्यासारखं आहे, पातेलं मोठं होतं, वरण तेवढंच.

हाय-रेझचंही (म्हणजे सीडीहून मोठ्या मापाच्या फायलींचं) सांगून ठेवतो कारण दुकानदार तिथंच पकडतात. सीडीचं माप १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, आणि त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत ऐकतो आणि वयानुसार तो आकडा खाली येत जातो. माझ्या बाबांच्या वयाला १९२ किलोहर्ट्झची फाइल म्हणजे नुसती जागा अडवणं. त्यातून त्यांची निम्मी गाणी जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची, तीन-सव्वातीन मिनिटांची, मागं खरखर आहेच. ती खरखर २४ बिटमध्ये ऐकायला वेगळे पैसे कायले द्यायचे? तुम्हाला नव्या, चांगल्या रेकॉर्डिंगचं वेड असेल आणि हेडफोन तसे असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा घ्या, मी काही तुमच्या आड येत नाही.

आता बाजारात मिळतं काय. एक, दोन-चार हजारांचे बटणवाले छोटे प्लेअर, बहुतेक चिनी, नावं दर वर्षी बदलतात. दोन, त्याच्या वरचे, फिओ, हायबी, शानलिंग, हिडिझ वगैरे कंपन्यांचे, स्वतःच्या छोट्या सिस्टीमवर चालणारे, गाणी वाजवणं हेच काम. तीन, अँड्रॉइडवाले, सोनीचा वॉकमन यातच येतो (१९७९ साली पहिला वॉकमन आला तो कॅसेटचा, नाव तेच ठेवलंय), याला बरेच पैसे लागतात आणि घेताना अँड्रॉइडचं व्हर्जन कोणतं ते नक्की पाहा, कारण प्लेअरवाल्या कंपन्या अपडेट देण्यात फोनवाल्यांपेक्षा मागं असतात आणि चार वर्षांनी तुमचं ॲपच म्हणतं की हे व्हर्जन चालणार नाही.

आणि घरात कोणाला फायली, कार्ड, फोल्डर यातलं काहीच नको असेल तर सारेगामाचा कारवां आहे, २०१७ मध्ये आला, आतच ५००० गाणी भरलेली, मराठी गाण्यांचा वेगळाही मिळतो. तो खिशातला नाही, टेबलावरचा आहे, पण माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात तो रोज वाजतो आणि तिला मी कधीच फॅट३२ म्हणजे काय ते समजावून सांगितलं नाही.

पण एवढ्यात घाई करू नका. आधी पंधरा दिवस फुकटचा प्रयोग करा. घरात एखादा जुना फोन पडला असेल, ३.५ एमएमचं भोक असलेला, कार्डाची जागा असलेला. सिम काढा, फ्लाइट मोड टाका, गाण्याच्या ॲपशिवाय सगळं उडवा. फक्त मागून बॅटरी फुगली आहे का ते पाहा, फुगली असेल तर त्याला हात लावू नका. पंधरा दिवसांनी तो फोन अजूनही तुमच्या खिशात असेल तर तुम्हाला प्लेअरची खरंच गरज आहे. टेबलाच्या खणात गेला असेल तर तुमचे पैसे वाचले. निम्मे लोक इथंच गळतात आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. ज्यांना फोनच ठेवायचा आहे पण आवाज चांगला पाहिजे, त्यांनी टाइप-सीला लागणारा छोटा डॅक डोंगल (डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज बनवणारी चिप) घ्यावा, स्वस्तात काम होतं.

जे उरले त्यांच्यासाठी आता मुद्द्याची गोष्ट, टेस्ट कार्ड. मी एक ३२ जीबीचं साधं मायक्रो एसडी कार्ड बनवून ठेवलं आहे, कोणताही प्लेअर घ्यायचा तर हे कार्ड त्यात टाकून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. ३२ जीबी मुद्दाम, कारण त्याच्या वरच्या कार्डांवर फायली एक्सफॅट नावाच्या पद्धतीनं मांडलेल्या असतात आणि स्वस्त प्लेअर बहुतेक जुनी फॅट३२ पद्धतच वाचतात. त्यात काय काय आहे ते सांगतो.

एका फोल्डरमध्ये दहा छोट्या फायली, ०१ ते १० नावाच्या, पण मुद्दाम उलटसुलट क्रमानं एकेक करून कॉपी केलेल्या. बरेच स्वस्त प्लेअर नावाचा क्रम पाहतच नाहीत, ज्या क्रमानं कार्डावर कॉपी झालं त्या क्रमानं वाजवतात. दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच दहा फायली, नुसत्या १, २ ते १०, आधी शून्य नाही. नावं अक्षरानुसार लावणाऱ्या प्लेअरमध्ये १ नंतर १० वाजतं आणि मग २. तुम्ही हरिपाठाचे भाग किंवा एखादी कादंबरी ऐकत असाल तर याचा काय वैताग होतो ते विचारू नका.

मग देवनागरी नावाच्या फायली, फाइलचं नावही देवनागरी आणि आतला टॅगही (फाइलच्या आत लिहिलेलं गाण्याचं, कलाकाराचं नाव). नाव मुद्दाम असं की जोडाक्षरं आणि वेलांटी दोन्ही आली पाहिजेत, मी "नाट्यसंगीत", "श्रीकृष्ण", "भक्तिगीत" असं ठेवलंय. काही प्लेअर सरळ चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दाखवतात, ते एक वेळ परवडतं, निदान खोटं तरी बोलत नाहीत. काही अक्षरं दाखवतात पण "ट्य" चा पाय मोडून ट वेगळा, य वेगळा, आणि भक्तिगीतातली पहिली वेलांटी पलीकडच्या बाजूला. कधी कधी चूक प्लेअरची नसते, टॅगची असते. एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे त्यात टॅग आयडी३ (टॅग लिहायची पद्धत) च्या २.३ व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाहा, जुन्या धाटणीचे प्लेअर २.४ वाचायला कुरकुर करतात. तेवढं करूनही नाही दिसलं तर मग इंग्रजी अक्षरात नावं लिहा किंवा दुसरा प्लेअर पाहा.

पुढं एका मैफलीच्या सीडीतल्या लागोपाठच्या दोन फायली. मैफल सलग असते, सीडीवाल्यांनी मधेच ट्रॅक पाडलेला असतो, आणि प्लेअर जर गॅपलेस, म्हणजे दोन फायली न थांबता जोडून वाजवणारा, नसेल तर नेमका समेच्या जवळ अर्धा सेकंद खड्डा पडतो. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे कधी कळणारही नाही, पण ख्याल ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. मग दीड तासाची कीर्तनाची एक फाइल, ती चाळिसाव्या मिनिटाला नेऊन प्लेअर बंद करायचा आणि परत चालू करायचा. तिथूनच सुरू झालं तर पास. पहिल्यापासून सुरू झालं तर नापास. आणि चाळिसाव्या मिनिटापर्यंत पुढं न्यायला बटण किती वेळ दाबून ठेवावं लागतं तेही मोजा, एकात मला तीन मिनिटं लागली होती, अंगठा दुखला.

मग फ्लॅकच्या दोन फायली, एक १६ बिट ४४.१ ची आणि एक २४ बिट ९६ ची, डब्यावर लिहिलंय ते खरं आहे का पाहायला. एक गाणं असं ज्यात अल्बमचा फोटो खूप मोठा आहे, त्यावर स्वस्तातले प्लेअर अडकून बसतात. आणि शेवटची माझी लाडकी फाइल, एक मिनिटाची शांतता. ऑडॅसिटीत बनवता येते. कानात घट्ट बसणारे इअरफोन लावून ती वाजवायची आणि ऐकायचं, मागून "स्स्स" असा आवाज येतो का. येत असेल तर तानपुऱ्याच्या मागं तोच आवाज आयुष्यभर येणार.

बाबांच्या प्लेअरसाठी मी हे कार्ड घेऊन बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो, मोदी नंबरच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, शनिवारी दुपारी, बम गर्दी. काउंटरवरच्या पोट्ट्यानं तीन प्लेअर काढून ठेवले आणि म्हणाला, "सर, सब चलता इसमें, टेंशन मत लो." मी म्हटलं, "चलता है तो मेरा कार्ड डाल के दिखा." पहिल्यानं देवनागरीचे सगळे चौकोन दाखवले, आणि बाबा काही चौकोन पाहून वसंतराव ओळखणार नव्हते. दुसरा चांगला होता, नावं ठीक, क्रम ठीक, पण कीर्तन दोनदा टाकून पाहिलं, दोन्ही वेळा पहिल्यापासून. तिसऱ्यात सगळं जमलं. मग मी तो हातात घेऊन दुकानाच्या बाहेर फुटपाथवर आलो, तर पोट्टं मागं धावत आलं, त्याला वाटलं हा घेऊन पळाला. मला फक्त उन्हात स्क्रीन दिसतो का ते पाहायचं होतं! दिसत नव्हता, म्हणजे हाताची सावली केली तर दिसत होता. पण त्याला बाजूनं खरी बटणं होती, पुढचं, मागचं, आवाज, आणि एक होल्डची सरकपट्टी जी लावली की खिशात बटणं दाबली जात नाहीत. बाबांना चालताना स्क्रीन पाहायचाच नव्हता. तोच घेतला.

बटणांची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. चालताना, बसमध्ये, मेट्रोत उभं असताना खिशातच बोटानं चाचपून गाणं बदलता आलं पाहिजे. नुसता टचस्क्रीन असलेला प्लेअर प्रत्येक वेळी बाहेर काढावा लागतो, आणि घामाच्या बोटानं टचस्क्रीन ऐकत नाही, मे महिन्यात आपली बोटं कोरडी कधी असतात?

बर्डीत एक गोष्ट मात्र पाहता येत नाही ती म्हणजे आवाज. बाहेर हॉर्न, बाजूच्या दुकानात स्पीकर, त्यात काय कळणार. आणि दोन प्लेअर शेजारी ठेवून ऐकले तर जो थोडा मोठ्यानं वाजतो तोच सगळ्यांना चांगला वाटतो, हा कानाचा जुना घोळ आहे, म्हणून आवाज सारखा केल्याशिवाय तुलनाच करायची नाही. खरं म्हणजे ऐकायला येणारा फरक प्लेअरपेक्षा हेडफोननं जास्त पडतो. पाच हजार असतील तर मी अडीच प्लेअरला आणि अडीच इअरफोनला लावेन, चारचा प्लेअर घेऊन डब्यातले फुकटचे इअरफोन लावणार नाही.

डॅक चिप कोणती, यावर लोक तासन्‌तास भांडतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या, तेव्हा काही प्लेअरवाल्यांनी दुसऱ्या कंपनीची चिप टाकून मॉडेल काढले आणि जग काही थांबलं नाही. चिपपेक्षा हे पाहा की प्लेअरमध्ये तुमच्या हेडफोनला वाजवायची ताकद आहे का. साधे कानातले इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात, ते कशावरही वाजतात. मोठे, कानावर बसणारे स्टुडिओचे हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचेही असतात, ते छोट्या प्लेअरला लावले तर आवाज पूर्ण वाढवूनही मिणमिणतात. उलट बाजूनं, प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा विरोध, तोही ओहममध्येच) इअरफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा असा एक ढोबळ नियम आहे, म्हणजे १६ ओहमचे इअरफोन असतील तर २ च्या आत. ४.४ एमएमचं बॅलन्स्ड भोक असेल तर त्यातून जास्त ताकद मिळते, पण त्याला तशाच पिनची वायर लागते, ती नसेल तर ते भोक नुसतं शोभेचं.

आणि आपल्या नागपुरात उन्हाळ्यात एक वेगळीच गोष्ट असते, कूलर. मार्चपासून जूनपर्यंत घरात तो घरघरतच असतो, आणि उघड्या धाटणीचे इअरफोन घातले की माणूस नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे की मोठ्या माणसानं आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नये, लहान मुलांना ७५. म्हणून घरी सिलिकॉनच्या गोंड्यांचे, कान बंद करणारे घ्या, बाहेरचा आवाज अडला की कमी आवाजात भागतं. गाडी चालवताना मात्र हेच कान बंद करणारे घालू नका बाप्पा, आपल्याकडे हॉर्न हाच इंडिकेटर आहे.

ब्लूटूथ पाहिजेच असेल तर प्लेअर आणि हेडफोन दोघांनाही एकच कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) यायला हवा. एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण एका बाजूला एलडॅक आणि दुसऱ्या बाजूला नुसता साधा एसबीसी कोडेक असेल तर गाडी एसबीसीवरच चालते. स्वस्त प्लेअरचं ब्लूटूथ बहुतेक एसबीसीच असतं, चालायला जाताना पुरतं. एफएम रेडिओ ऐकायचा असेल तर लक्षात ठेवा की त्यात इअरफोनची वायर हाच अँटेना असतो, ब्लूटूथ लावून एफएम ऐकायचं म्हटलं तर बऱ्याच प्लेअरमध्ये जमतच नाही.

बॅटरीचे तास कंपनी लिहिते ते कमी आवाजात, स्क्रीन बंद, साध्या एमपी३ वर मोजलेले असतात. मोठ्या फ्लॅक फायली, ब्लूटूथ, पेटलेला स्क्रीन, सगळं आलं की त्यात काटछाट होतेच. चार्जिंगला टाइप-सीच घ्या, पण गंमत अशी की काही स्वस्त प्लेअर सी-टू-सी वायरनं चार्जच होत नाहीत, आतमध्ये दोन छोटे रेझिस्टर टाकायचे ते वाचवलेले असतात. लोक म्हणतात प्लेअर खराब निघाला. जुनी चौकोनी यूएसबी-टू-सी वायर लावून पाहा, चालू होतो.

उन्हाचं मी स्वतः भोगलेलं आहे. माझा आधीचा प्लेअर नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) गाडीच्या डिकीत राहिला, दुपारी दोन तास, बाहेर ४५ च्या वर आणि आत किती असेल देव जाणे. त्यानंतर आठवडाभरात मागचं झाकण उचललं गेलं, बॅटरी फुगली, आणि ती आत चिकटवलेली होती त्यामुळं बदलून मिळेना. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आवडत नाही, आणि ४५ अंशाच्या वर चार्जिंग तर करूच नये. उन्हातून आणला की आधी थंड होऊ द्या, मग वायर लावा.

दुसरा भैताडपणा कार्डाचा. २५६ जीबीचं कार्ड ऑनलाइन चारशे रुपयांत दिसलं आणि मी घेतलं. कॉम्प्युटरमध्ये टाकलं तर २५६ दाखवतं, सगळी गाणी कॉपी झाली, एरर नाही काही नाही. प्लेअरमध्ये टाकल्यावर सुरुवातीची दीड हजार वाजली आणि त्यानंतरची सगळी गप्प. आत खरी जागा १६ च होती, बाकी खोटा आकडा. तेव्हापासून नवीन कार्ड आलं की एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासतो, ते कार्डावर टोकापर्यंत लिहितं आणि परत वाचून पाहतं. ६४ जीबीला तास-सव्वा तास जातो, जाऊ द्या. मोठं कार्ड फॅट३२ पाहिजे असेल तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये तो पर्याय सहसा दिसत नाही, वेगळं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. आणि मॅकवाल्यांनो, तुमचा मॅक कार्डावर प्रत्येक गाण्यामागं एक लपलेली, टिंबानं सुरू होणारी फाइल टाकतो, ती प्लेअरला गाणं वाटते आणि वाजत नाही, ती पुसून टाका.

घेताना डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर आहे का पाहा. ते नसेल तर वॉरंटीच्या वेळी दुकानदार कंपनीकडं बोट दाखवतो आणि कंपनी चीनमध्ये असते. पक्कं बिल घ्या. जीएसटी वाचवून देतो म्हणतात तेव्हा खरं तर तुमची वॉरंटी वाचवून स्वतःकडं ठेवतात.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी मी बाबांसाठी एवढं केलं. मेनूची भाषा इंग्रजीच ठेवली, कारण हिंदी मेनूमध्ये शफलचं काहीतरी भयंकर भाषांतर होतं. शफल बंद, बटणाचा पी-पी आवाज बंद, आवाजाची कमाल मर्यादा लावून ठेवली. फोल्डर पाचच केले, ०१ नाट्यसंगीत, ०२ अभंग, ०३ भावगीत, ०४ गझल (सुरेश भटांच्या शब्दांची सगळी एका जागी), ०५ कीर्तन. कलाकार, अल्बम, वर्ष असल्या भानगडी नाहीत, फोल्डर उघडा आणि वाजवा. आणि भरलेल्या कार्डाची दुसरी कॉपी दुसऱ्या कार्डावर करून कपाटात ठेवली, कारण बाबा सहा महिन्यांत एकदा तरी कार्ड हरवतील याची मला खात्री होती.

चौथ्या महिन्यात हरवलं.